वस्तीत आरोग्य सर्वेक्षण करायचंय? आधी दारं मोजा

सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलं-मुली पहिल्यांदा वस्तीत येतात तेव्हा पाठीवरच्या पिशवीत सगळं असतं. टॅब, प्रश्नावली, बीपीचं मशीन, पाण्याची बाटली. पहिला प्रश्नही ठरलेला असतो : "ताई, दिवसाला किती फॉर्म भरायचे?"

मुंबईच्या पूर्व उपनगरांत घरोघर फिरून होणाऱ्या आरोग्य सर्वेक्षणांवर मी बरीच वर्षं देखरेख करते आहे. फॉर्म किती भरले यावरून अभ्यासाचा दर्जा मला कधीच कळलेला नाही. कोणती दारं आपल्याकडून राहून गेली, यावरून मात्र कळतो. म्हणून या लेखात प्रश्नावलीपेक्षा दारांबद्दल जास्त लिहिलं आहे. वाचणारा नवीन आहे, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला आहे किंवा कम्युनिटी मेडिसिनमध्ये नुकताच रुजू झाला आहे, असं धरून चालते.

प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

"झोपडपट्टीतल्या लोकांचं आरोग्य" हा प्रश्न होत नाही, तो विषय झाला. प्रश्न असा हवा : या वस्तीत राहणाऱ्या 30 वर्षांवरच्या लोकांपैकी किती जणांना उच्च रक्तदाब आहे, आणि ज्यांना आहे त्यांच्यापैकी किती जणांना तो असल्याचं ठाऊक आहे? यात कोण, कुठे, काय आणि किती हे सगळं आलं. 30 ही वयाची सीमा अशासाठी, की असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी तपासणी कार्यक्रमातही 30 वर्षांपासूनचेच लोक धरतात, त्यामुळे तुमचा आकडा स्थानिक दवाखान्यालाही वापरता येतो. लेखभर हाच प्रश्न उदाहरण म्हणून धरू.

वाक्य लिहून झालं की ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. पुढे कुणीतरी सुचवणारच, "जातोच आहोत तर मासिक पाळीबद्दलही विचारू, रेशनकार्डबद्दलही विचारू." त्या वाक्याचं उत्तर द्यायला जो प्रश्न लागत नाही, तो गाळायचा. समोरची बाई तिच्या कामाच्या वेळेतली 40 मिनिटं तुम्हाला देते आहे.

आधी काय झालंय ते वाचा

2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख भरली आणि त्यातले सुमारे 52 लाख लोक झोपडपट्टीत राहणारे होते. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे वस्तीची लोकसंख्या म्हणून जो आकडा तुमच्या हाती पडेल, तो बहुधा त्या जुन्या मोजणीवरून वाढवत आणलेला असेल. तो नियोजनापुरता वापरा. टक्केवारी काढताना छेदात मात्र घालू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल चाळायलाच हवेत. त्याचं काम गोवंडी-देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालतं. 2005–06 च्या तिसऱ्या फेरीत मुंबई आणि नागपूरसह आठ शहरांचे झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी असे वेगवेगळे आकडे दिले होते. हा वेगळेपणा किती महत्त्वाचा असतो, ते मुंबईने 2020 च्या जुलैत पाहिलं. कोविडच्या प्रतिपिंडांसाठी (अँटीबॉडींसाठी) तीन वॉर्डांत 6,936 जणांचं रक्त तपासलं गेलं. वस्त्यांमध्ये 57 टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, इमारतींमध्ये 16 टक्क्यांत. दोन्हींची सरासरी काढून एकच आकडा छापला असता, तर तो वस्तीलाही लागू पडला नसता आणि इमारतीलाही.

परवानग्या, आणि त्यांच्यामागचा इतिहास

माणसांवरच्या कोणत्याही आरोग्य संशोधनाला एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. साधी प्रश्नावली असली तरी लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. कमिटीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिक का असतो, हे त्यातून समजेल. माहितीपत्रक त्या सामान्य नागरिकासाठी लिहा. त्याला कळलं तर वस्तीत कळेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या अंगठ्याबरोबर तटस्थ साक्षीदाराची सही लागते, आणि तो साक्षीदार तुमच्या टीममधला चालत नाही. मंजुरीसाठी वेळापत्रकात दोन महिने सोडा. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही पत्र द्या.

या कागदांना नुसती औपचारिकता समजणारे बरेच भेटतात, म्हणून इथे थोडं थांबते. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत साथ पुण्यात पोहोचली आणि रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घरात घुसून रोगी शोधू लागले. देवघरात, माजघरात बूट घालून शिरले. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली, मृत्यू लपवले. मोजणी जितकी सक्तीची झाली तितकी ती खोटी होत गेली. पुढे 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी काय केलं ते आपण शाळेत शिकलोच आहोत. त्याच साथीत हडपसरजवळ रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. आपल्या दारात आलेल्या माणसाकडे पाहताना "हा कुठल्या प्रकारचा?" हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घरांना तेव्हापासून पडतो आहे, आणि तो पडायलाच हवा. संमतीपत्रक हे त्या प्रश्नाचं तुमचं उत्तर.

पहिले चार दिवस फॉर्म नेऊ नका

आधी हेल्थ पोस्टवर, म्हणजे वस्तीसाठीच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रावर जा आणि आरोग्य सेविकांना भेटा. कोणत्या गल्लीत पाणी कधी येतं, कोणत्या घरात नुकतं कुणी गेलंय, कोणत्या बोळात संध्याकाळी एकटं जाऊ नये, हे त्यांना माहीत असतं. मग मंडळाचे कार्यकर्ते, बचत गटातल्या बायका, अंगणवाडीच्या ताई, मशिदीचे विश्वस्त, बुद्धविहारातली मंडळी यांना भेटा. एकाच गटाच्या ओळखीने आत शिरलात तर दुसऱ्या गटाच्या गल्लीत दारं उघडत नाहीत. हे दुरुस्त करायला फार वेळ जातो.

सर्व्हे हा शब्द मुंबईच्या वस्तीत ऐकला की मनात झोपडपट्टी पुनर्वसन योजना येते. 1 जानेवारी 2000 पूर्वीचं घर असेल तर पुनर्वसनात मोफत घर, हा नियम तिथल्या लहान मुलालाही पाठ असतो. त्यामुळे "इथे किती वर्षं राहता?" या साध्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर येतं, "2000 च्या आधीपासून." वरच्या माळ्यावरचा भाडेकरू तर विचारलं की नाहीसाच होतो. म्हणून पहिल्या वाक्यातच सांगा : आम्ही घराच्या कागदांसाठी आलेलो नाही, घराचा फोटो काढणार नाही, पावती मागणार नाही. आणि मग खरोखरच मागू नका.

घरांची यादी : इथे वेळ घालवा

यादी बाहेरून उचलून आणायचा मोह होतो. मतदार यादी हाताशी असते. 1990 च्या दशकात तंबाखू आणि मृत्यू यांच्यावरच्या मुंबईतल्या मोठ्या अभ्यासात 35 वर्षांवरचे 1,48,173 लोक मतदार याद्यांच्या आधाराने गाठले होते, आणि तंबाखूमुळे होणाऱ्या नुकसानाचा फार मोलाचा पुरावा त्यातून मिळाला. तितक्या मोठ्या आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करण्याच्या कामाला ती यादी योग्य होती. तुमच्या छोट्या वस्तीत मात्र मतदार यादीत नाव नसलेलाच माणूस महत्त्वाचा ठरू शकतो : गावाकडे नाव असलेला कामगार, लग्न होऊन आलेली सून, अकरा महिन्यांच्या भाड्याने राहणारं कुटुंब. म्हणून स्वतः चाला.

दोघांनी जायचं. एकाने नकाशा काढायचा, दुसऱ्याने वही धरायची. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून उजवा हात भिंतीला लावायचा आणि तो न उचलता चालत राहायचं. बोळ आला की बोळात शिरायचं, टोकाला जाऊन समोरच्या बाजूने परत बाहेर यायचं. असं केलं की घर सुटत नाही. प्रत्येक दाराच्या चौकटीवर खडूने क्रमांक टाकायचा, घरातल्या माणसाला विचारून. दारावर आधीचेच चार-पाच क्रमांक असतात, जनगणनेचा, पुनर्वसनाच्या सर्व्हेचा, पल्स पोलिओचा. तुमचा वेगळ्या रंगाचा ठेवा.

आता वर बघा. लोखंडी शिडी दिसते? त्या शिडीवर चपला आहेत? किती जोड? वरची खोली खालच्यांचीच असेल तर ते एक घर. वर भाडेकरू असतील, त्यांचा गॅस वेगळा असेल, तर ते दुसरं घर. आपली व्याख्या साधी आहे : एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा, "स्वयंपाक एकत्र होतो की वेगवेगळा?" दोन भाऊ एकाच खोलीत राहून वेगळं शिजवत असतील तर दोन कुटुंबं लिहा. सासू खाली झोपते आणि वर जेवते, तर ती वरच्या घरात.

सगळ्यात जास्त सुटतात ते कारखान्यात झोपणारे. जरीकाम, चामड्याचं काम, भंगार वेगळं करण्याचं काम जिथे चालतं, तिथे दिवसा यंत्रं असतात आणि रात्री त्याच जमिनीवर आठ-दहा जण अंथरूण टाकतात. त्यांची चूल नसते, डबा खानावळीतून येतो. यादी करणारा दुपारी जातो, "दुकान" असं लिहून पुढे निघतो. मी नव्या मुलांना एकदा तरी रात्री दहानंतर आरोग्य सेविकेबरोबर त्याच गल्लीतून पुन्हा नेते. दुपारी दुकान म्हणून लिहिलेल्या शटरच्या आत दिवा दिसतो, दोरीवर शर्ट वाळत असतात. त्या रात्री वहीत नव्या नोंदी होतात आणि पुढे मुलं आपणहून शटरखालून वाकून बघायला लागतात. अशा जागांसाठी यादीत वेगळा रकाना ठेवा आणि तिथल्या माणसांना कसं निवडणार ते आधीच ठरवा.

किती घरं, आणि नेमकी कोणती

गणित घाबरण्यासारखं नाही. प्रमाण शोधायचं असेल तर 1.96 (95 टक्के खात्रीसाठी ठरलेला आकडा) चा वर्ग, गुणिले प्रमाण, गुणिले एक वजा प्रमाण, भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. प्रमाण किती असेल याचा काहीच अंदाज नसेल तर निम्मं (0.5) धरा, चूक 5 टक्के (0.05) धरा. उत्तर 384 येतं. सगळे भेटणार नाहीत. मी मुंबईत 20 टक्के लोक भेटणार नाहीत असं धरते. इथे नवीन लोक 384 ला 1.2 ने गुणतात, ते चुकीचं. 384 ला 0.8 ने भागा : 480. एवढ्या घरांतून 80 टक्के मिळाले तर बरोबर 384 हाती येतात. यादीऐवजी आधी गल्ल्या निवडून मग त्यातली घरं घेणार असाल, तर एका गल्लीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून आकडा दीडपट-दुप्पट करावा लागतो. तेवढ्यापुरता संख्याशास्त्राच्या जाणकाराचा सल्ला घ्या.

समजा यादीत 4,320 घरं निघाली. 4,320 भागिले 480 म्हणजे 9. एक ते नऊमधली एक चिठ्ठी काढा. 4 निघाला तर घर क्रमांक 4, 13, 22, 31 असे नवव्या-नवव्या घरी जा. कोपऱ्यावरचं, ओळखीचं, चहा देणारं घर यात आपोआप बाजूला पडतं.

घरात 30 वर्षांवरचे चार जण असतील तर एकच निवडायचा, आणि तोही चिठ्ठीनेच. दार उघडलं त्याला बसवलं, असं करायचं नाही. परदेशी पुस्तकांत "ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येतो तो निवडा" अशी सोपी युक्ती सांगितलेली असते. आपल्याकडे ती चालत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. अर्ध्या घरात सगळ्यांचाच वाढदिवस 1 जून! टॅबवर यादृच्छिक अंक काढा, ते बरं. चार जणांच्या घरातल्या माणसाची निवड होण्याची शक्यता एकट्या माणसाच्या मानाने चौथाई असते, म्हणून घरात पात्र माणसं किती होती ते नोंदवून ठेवा. विश्लेषणात त्या आकड्याचं वजन द्यावं लागतं.

कुलूप लागलंय

दुपारी बाराला कुलूप दिसलं की डोळे शेजारच्या उघड्या दाराकडे वळतात. आत कुणीतरी आजी असते, बोलायलाही उत्सुक असते. फॉर्म भरला जातो, आकडा पूर्ण होतो. या कामातली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती प्रामाणिक माणसांच्या हातूनही होते.

विचार करा. कुलूप का आहे? त्या घरातले नवरा-बायको दोघं कामाला गेले आहेत. शेजारचं दार का उघडं आहे? तिथे म्हातारं किंवा आजारी माणूस घरी आहे. अशी पन्नास घरं बदलली की तुमच्या अभ्यासात म्हातारे आणि आजारी वाढले, आणि वस्तीतला रक्तदाबही कागदोपत्री वाढला. खऱ्या वस्तीत काहीच बदललं नाही.

नियम करा : तीन फेऱ्या, तीन वेगळ्या वेळा. एक दुपारची, एक संध्याकाळी सातनंतरची, एक रविवार सकाळची. रिक्षावाला रात्रपाळी करत असेल तर तो दुपारी भेटतो, नाक्यावरचा कामगार फक्त रविवारी. मे महिन्यात, होळीला आणि गणपतीत सर्वेक्षण ठेवूच नका. कोकणातली घरं गणपतीला आणि उत्तरेकडची होळीला बंद असतात. तिसऱ्या फेरीनंतरही कुलूप असेल तर "कुलूप" अशी नोंद करा. शेजारचं घर घेऊ नका.

पल्स पोलिओने आपल्याला हे शिकवलं आहे. ज्या घरातलं मूल डोसावाचून राहिलं किंवा घर बंद होतं, त्या दारावर एक्स लिहायचे आणि नंतरची टीम खास त्या एक्स घरांकडे परत जायची. देशातला शेवटचा वन्य पोलिओचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा. त्या यशात त्या एक्स घरांच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढणाऱ्या बायकांचा वाटा किती मोठा आहे, हे मला नव्या संशोधकांना दरवेळी सांगावंसं वाटतं.

नकार वेगळा लिहा, कुलूप वेगळं लिहा. नकार देणाऱ्याला एकदाच विचारायचं, मग नमस्कार करून निघायचं.

प्रश्न लोकांच्या शब्दांत

"आपण तंबाखूचे सेवन करता का?" असं विचारलं की पन्नाशीतली मावशी ठामपणे नाही म्हणते. तिच्या मागे फळीवर मिश्रीची डबी असते. ती खोटं बोलत नाही. तिच्या मते तंबाखू पुरुष खातात, ती फक्त दात घासायला मिश्री लावते, सकाळी एकदा, दुपारी एकदा, झोपताना एकदा. "मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?" असं विचारा, लगेच खरं उत्तर येतं. गुटखा, खैनी, बिडी, तपकीर यांची नावं घेऊन स्वतंत्र विचारा.

"बीपी आहे का?" या प्रश्नातही फसगत आहे. थकवा आला, चक्कर आली की "माझा बीपी लो होतो" असं सर्रास म्हणतात. म्हणून "डॉक्टरांनी किंवा नर्सने मशीन लावून, तुमचा बीपी वाढलाय असं कधी सांगितलं होतं का?" असा प्रश्न ठेवा. आणि गोळ्या दाखवायला सांगा. बायका त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवतात. पाकिटावरचं नाव स्वतः वाचा.

वय विचारलं की 40, 45, 50 अशी गोल उत्तरं येतात. घटनांची यादी जवळ ठेवा. 1972 चा दुष्काळ आठवतो का, गिरण्यांचा संप झाला (1982) तेव्हा लग्न झालं होतं का, इंदिरा गांधी गेल्या (1984) तेव्हा कितवीत होता, किल्लारीचा भूकंप (1993), 26 जुलैचा पाऊस (2005) झाला तेव्हा धाकटा किती मोठा होता. अशा दोन प्रश्नांत वय एक-दोन वर्षांच्या आत येतं, आणि समोरचा माणूस खुलतो.

प्रश्नावली मराठी, हिंदी आणि गरज असेल तिथे उर्दूतही करा. भाषांतर करणाऱ्याने केलं की दुसऱ्याकडून ते परत मूळ भाषेत करून घ्या आणि दोन्ही ताडून पाहा. मग ज्या गल्ल्या निवडीत नाहीत तिथे वीस-पंचवीस घरांत आधी वापरून बघा.

रक्तदाब मोजताना

एकदा एका घरात दार उघडणारी बाई नुकतीच दोन हंडे पाणी शिडीने वर चढवून आली होती. आमच्या टीममधल्या मुलीने तिथेच दंडाला कफ (मशीनचा पट्टा) बांधला. 156/94. मी बाईंना बसायला सांगितलं, टीव्हीचा आवाज कमी केला, पाठ भिंतीला टेकवली, पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं बोललो नाही, नुसतं बसलो. मग 128/82. पहिला आकडा लिहून आम्ही निघून गेलो असतो तर एका निरोगी बाईला रोगी ठरवून आलो असतो.

म्हणून शिस्त ही : चहा, मिश्री, बिडी अर्धा तास आधी बंद. लघवीला जाऊन यायला सांगा. पाच मिनिटं शांत बसणं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा तिढी घातलेली नको, हात हृदयाच्या पातळीला कशावर तरी ठेवलेला. दहा बाय दहाच्या खोलीत खुर्ची नसते, म्हणून घडीची खुर्ची बरोबर न्या. कफ ब्लाउजच्या किंवा शर्टाच्या बाहीवर बांधू नका. दंड जाड असेल तर मोठा कफ लावा, लहान कफ रक्तदाब वाढवून दाखवतो. तीन वेळा मोजा, मध्ये थोडी विश्रांती द्या, पहिला आकडा सोडून शेवटच्या दोनांची सरासरी घ्या.

सरासरी 140/90 किंवा त्याहून जास्त असेल तर उच्च रक्तदाबात मोजा. आकडा नॉर्मल आहे पण रोज गोळी चालू आहे, तोही उच्च रक्तदाबातच मोजायचा, फक्त "आटोक्यात" या रकान्यात. हे विसरलात तर औषध नीट घेणारेच गणतीतून गळतात. मोजलेला आकडा कागदावर लिहून त्या माणसाच्या हातात द्या, आणि हे निदान नाही, पुन्हा तपासून घ्या, असं सांगा. 180/110 च्या वर असेल तर फॉर्म बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवायची व्यवस्था करा. त्यासाठी कोणत्या दवाखान्यात, कोणाशी बोलायचं हे पहिल्या घराआधीच ठरलेलं हवं.

रक्त घ्यायचं असेल तर

शक्य असेल तर पहिल्या अभ्यासात टाळा. घ्यायचंच असेल तर संमती वेगळी घ्या आणि उरलेलं रक्त ठेवणार की नष्ट करणार ते त्यात लिहा. बोटातून हिमोग्लोबिन तपासताना पहिला थेंब पुसून टाका, आणि बोट पिळू नका, पिळलं की पेशीबाहेरचं पाणी मिसळून आकडा घसरतो. साखरेसाठी प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा तर राखाडी टोपणाची नळी वापरा. साध्या नळीत रक्तातल्या पेशी वाटेतच साखर खात राहतात. सुया आणि लॅन्सेट जाड पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. गल्लीत एक कापसाचा बोळा पडलेला दिसला तरी दुसऱ्या दिवशी दारं बंद होतात.

रोज संध्याकाळी

त्या दिवसाचे फॉर्म त्याच दिवशी तपासा. 40 मिनिटांची मुलाखत नऊ मिनिटांत संपलेली दिसली तर त्या मुला-मुलीला बाजूला घेऊन विचारा, ओरडू नका. बहुतेक वेळा पाणी आलेलं असतं, बाईंनी घाई केलेली असते आणि कुणालाच परत जाण्याचं धाडस झालेलं नसतं. पाऱ्याचं किंवा डायलचं मशीन वापरत असाल तर आठवड्यातून एकदा रक्तदाबाचे शेवटचे अंक मोजून बघा. शून्याने संपणारे आकडे पाचात एकापेक्षा जास्त असतील तर कुणीतरी अंदाजाने लिहितंय. दहापैकी एका घरी पर्यवेक्षकाने स्वतः जाऊन दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारावेत.

नावं आणि उत्तरं एका फाइलमध्ये ठेवू नका. प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्या, नावांची यादी वेगळ्या, पासवर्ड असलेल्या जागी ठेवा. भरलेल्या फॉर्मचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही, कितीही घाई असली तरी. आणि फक्त नाव काढलं की ओळख पुसली असं होत नाही. "अमुक गल्लीतली, 62 वर्षांची, एकटी राहणारी विधवा, टीबीचे उपचार चालू" एवढं वाचून आख्ख्या गल्लीला कळतं ती कोण.

आकडे मांडताना

पहिला तक्ता रक्तदाबाचा नको. पहिला तक्ता हा : 480 घरं निवडली, इतक्यांना कुलूप, इतक्यांचा नकार, इतकी माणसं भेटली, त्यात पुरुष किती, स्त्रिया किती. भेटलेल्यांत पुरुष फार कमी असतील तर ते तिथेच लिहा, आणि स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे द्या. प्रत्येक टक्केवारीबरोबर ती कितींपैकी आहे हे असू द्या आणि खरा आकडा 95 टक्के खात्रीने कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादाही द्या.

राष्ट्रीय सर्वेक्षणाशी तुलना करताना वयोगट पाहा. त्यात रक्तदाब 15 वर्षांपासून मोजतात, तुमचे लोक 30 च्या वरचे आहेत. तुमचा आकडा जास्त येणारच. वस्तीचं नाव छापायचं की नाही, हे वस्तीतल्या लोकांना विचारून ठरवा. 2020 च्या एप्रिलमध्ये धारावीत पहिला कोविड रुग्ण सापडला, आणि पुढे कित्येक महिने धारावीचा पत्ता सांगितला की काम मिळत नव्हतं. आकडा जाहीर करणाऱ्याला त्याची झळ बसत नाही.

परत जा

अहवाल संस्थेला, मार्गदर्शकाला, एथिक्स कमिटीला जातो. वस्तीला काय जातं? एका पाहणीत आम्ही घेतलेल्या रक्ताचे रिपोर्ट लोकांना वेळेवर द्यायचे राहून गेले. चार महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच गल्लीत गेलो तेव्हा एक आजी दारातूनच म्हणाल्या, "रक्त नेलंत, कागद कुठाय?" त्या गल्लीत आम्हाला पुन्हा बसायला मिळायला एक पावसाळा गेला.

त्यामुळे निकाल सांगायची सभा अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. पाणी भरून झाल्यानंतरची आणि संध्याकाळच्या मालिका सुरू होण्याआधीची वेळ ठेवा, पुरुषांसाठी रविवारी वेगळी घ्या. एक मोठा तक्ता, तीन भाषांत, चारच ओळींचा : आपल्या वस्तीत शंभरात इतक्यांचा बीपी वाढलेला आढळला, त्यातल्या इतक्यांना माहीतच नव्हतं, तपासणी कुठे होते, गोळ्या कोणत्या दिवशी आणि किती वाजता मिळतात. शेवटची ओळ लिहिण्याआधी हेल्थ पोस्टवर जाऊन वेळ पुन्हा विचारून घ्या, ती बदललेली असू शकते. तक्ता नळाजवळच्या भिंतीवर लावा, पावसाचं पाणी लागणार नाही अशा उंचीवर.